बाकावर बसून कॅमेरा: प्रोफेशनल खेळाडूंपैकी असं कुणी केलंय का?

राखीव_१४

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, वय २२. एका पेठेच्या टीमकडून खेळतो. टीमचं नाव सांगत नाही, सांगितलं की इथंच दोन गट पडतील. आता 'खेळतो' म्हणजे काय, तर १४ नंबरचा शर्ट आहे आणि बाकावर जागा फिक्स आहे. मागच्या अख्ख्या सीझनमध्ये मिळून ९७ मिनिटं खेळलोय. दुसरं काही मोजायला नसलं की माणूस मिनिटं मोजतो.

दीड वर्षापूर्वी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या पोराकडनं जुना निकॉन डी५३०० घेतला. ७०-३०० ची लांबचं जवळ दाखवणारी लेन्स धरून २४ हजार, तेही तीन हप्त्यांत. आधी नुसते सरावाचे फोटो काढायचो. मग शाहू स्टेडियमला मॅच असली की तिकडं पण न्यायला लागलो. पोरांना फोटो आवडतात, सगळे स्टेटसला लावतात. परवा एकानं तर दुसऱ्या टीमच्या पोराला माझी ओळख करून दिली, "हा आमचा फोटोग्राफर." मी शेजारी किट घालून उभा होतो भावांनो.

आता मूळ दुखणं. मागच्या मॅचला आम्ही एक गोलनं मागं. ७३ मिनिटं झालेली. कोच ओरडले, "चौदा, चल!" माझ्या गळ्यात कॅमेरा. एका स्टडची लेस सैल सोडलेली, शिनगार्ड बॅगेत. कॅमेरा कुठं ठेवायचा तेच सुचेना. पाण्याच्या कॅनवर ठेवला तर घसरायला लागला, तो धरला, परत बॅगेत घातला, बॅगेतनं शिनगार्ड काढले. लेस बांधून मान वर केली तर १७ नंबरवाला पोरगा बिब (राखीव खेळाडू शर्टवरून घालतात ते जाकीट) काढून मधल्या रेषेवर उभा. कोच तेव्हा काहीच बोलले नाहीत. मॅच संपल्यावर एवढंच म्हणाले, "आधी ठरव. खेळायला येतोस का फोटो काढायला?"

घरी सांगितलं तर आई म्हणाली, दोन्ही सोड आणि परीक्षेचा फॉर्म भर.

मला विचारायचंय एवढंच, की खरोखरच्या प्रोफेशनल फुटबॉलरनं खेळत असतानाच कॅमेरा पण हातात धरलाय असं कुठं झालंय का? रिटायर झाल्यावर नव्हे. आणि झालं असेल तर त्याचं पुढं काय झालं?

न्यूजर्सीचा_नाना

फुटबॉलमधलं माहीत नाही, पण इकडे बेसबॉलमध्ये दोन मोठी माणसं आहेत. केन ग्रिफी ज्युनियर, ६३० होम रन मारलेला. तो आता खेळांचे फोटो काढतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये मास्टर्स गोल्फला रीतसर पास गळ्यात घालून बाकीच्या फोटोग्राफरांबरोबर गवतात बसला होता. दुसरा रँडी जॉन्सन. पावणेसात फुटांहून उंच गोलंदाज (पिचर म्हणतात, पण तुम्ही गोलंदाजच समजा). हा तर कॉलेजात फोटोजर्नलिझमच शिकला होता, मग बॉल टाकण्यात वीस-बावीस वर्षं गेली आणि खेळ सोडल्यावर परत कॅमेऱ्याकडे वळला.

पण दोघांचंही खरं कॅमेऱ्याचं काम खेळ संपल्यावरचं. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाहीच हे. तरी लिहिलं. नातवाला झोप येत नाहीये, मला पण नाही.

पंचगंगा_एक्स्प्रेस

टोटी, रोमाचा कॅप्टन! जानेवारी २०१५, रोम डर्बी, म्हणजे रोमच्याच दोन टीमची मॅच, रोमा आणि लाझिओ. रोमा दोन गोलनं मागं, टोटीनं दोन्ही फेडले आणि दुसऱ्या गोलनंतर थेट पब्लिकसमोर गेला, गोलकीपर कोचकडनं फोन घेतला आणि मागं अख्खा स्टँड घेऊन सेल्फी काढला. मॅच चालू असताना! ३८ वर्षाचा माणूस. नाद खुळा.

चौदा, तू पण आधी दोन गोल मार, मग कोच स्वतः कॅमेरा आणून देतील.

सांगली_ते_लिऑन

टोटीचा किस्सा झकास आहे, पण तो राजा होता, राजाला सगळं माफ. चौदा नंबर, तुझा माणूस वेगळा आहे. विकाश धोरासू. फोटो नाही, फिल्म काढली त्यानं, पण काढली ती राखीव खेळाडू म्हणून आणि तीही वर्ल्डकपमध्ये. तुझा जुळा भाऊच समज.

थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बस.

मी २००३ च्या सप्टेंबरात शिकायला फ्रान्समध्ये लिऑनला आले. सांगलीत फुटबॉल म्हणजे भाऊ शाळेच्या मैदानावर खेळायचा तेवढंच माहीत. वसतिगृहातल्या मुलींनी जेरलांड स्टेडियमला नेलं, गोलपोस्टच्या मागच्या स्वस्त तिकिटावर. काय ती थंडी! दोन स्वेटर घालूनही दात वाजत होते. तेव्हा लिऑनची टीम म्हणजे फ्रान्सची दादा टीम, ओळीनं लीग जिंकणारी. ज्युनिन्यो फ्री किक घ्यायला उभा राहिला की बोलणारी माणसं गप्प व्हायची. आणि अकरा जणांची नावं पुकारताना मी एकदम कान टवकारले. 'विकाश.' आपला विकास? शेजारच्या फ्रेंच मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "तुला माहीत नाही? तुमच्याकडचाच तर आहे." मैदानावर पाहिलं तर बुटका, सडपातळ, सावळा. आमच्या गल्लीत वाण्याच्या दुकानात भेटावा तसा माणूस. बॉल पायात आला की उगाच धावत सुटायचा नाही. दोन पावलं, मान वर, छोटा पास. परत बॉल, परत छोटा पास. भाऊ असता तर म्हणाला असता, हा बुद्धिबळ खेळतोय. त्या दिवसापासून मी त्याची.

जन्म १९७३ चा, आर्फ्लरचा, म्हणजे ल आव्र बंदराच्या शेजारचं गाव. आईवडील मॉरिशसचे, मूळ भारतीय. ल आव्रच्याच क्लबातून वर आला, मग लिऑन. २००४ ला तो इटलीत मिलानला गेला आणि मला उगाचच माहेरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. मिलानमध्ये मात्र बाक. २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल आठवते का, मिलान ३-० पुढे असून लिव्हरपूलनं ३-३ केलं आणि पेनल्टीवर कप नेला? त्या रात्री धोरासू मिलानच्या राखीवमध्ये होता. शेवटपर्यंत उतरला नाही. म्हणजे जगातली एक नंबरची पडझड त्यानं बसून बघितली.

पण संपलेला खेळाडू नव्हता हां. मिलाननंतर पॅरिसला आला. ऑक्टोबर २००५ मध्ये सायप्रसविरुद्ध वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत फ्रान्ससाठी गोल केला. एप्रिल २००६ मध्ये फ्रेंच कपच्या फायनलला मार्सेविरुद्ध लांबून असा काही गोल हाणला की पॅरिसनं २-१ नं कप घेतला. दीड महिन्यावर वर्ल्डकप. वय ३२. भारतीय वंशाचा माणूस वर्ल्डकपच्या टीममध्ये, आम्ही इथले चारदोन देशी लोक हवेत.

जर्मनीला जाण्याआधी फ्रेड पूले नावाच्या गायक-संगीतकार दोस्तानं त्याच्या हातात एक सुपर-८ कॅमेरा दिला. सुपर-८ म्हणजे जुन्या काळी श्रीमंतांच्या घरी लग्न-मुंजीला वापरायचे तो छोटा फिल्म कॅमेरा. त्याच्या एका डबीत १५ मीटर फिल्म. १८ फ्रेमच्या वेगानं चालवली तर ३ मिनिटं २० सेकंदांत खलास. काय टिपलं ते लगेच दिसत नाही, फिल्म धुऊन आल्यावरच कळणार. आवाजही बहुतेक वेगळाच घ्यावा लागतो. २००६ मध्ये, जेव्हा सगळ्यांकडे डिजिटल आलेले, तेव्हा हे.

फ्रान्सची टीम हामेल्नजवळ एर्त्सन नावाच्या गावात एका गढीसारख्या हॉटेलात उतरली होती. हामेल्न म्हणजे आपण लहानपणी वाचलेल्या गोष्टीतल्या उंदीर नेणाऱ्या बासरीवाल्याचं गाव. (हे मला नंतर नकाशा बघताना कळलं आणि उगाच हसू आलं, २३ जण एका मागोमाग चाललेत असं दिसलं डोळ्यांपुढे.) पहिली मॅच स्वित्झर्लंडशी, ०-०. धोरासू शेवटच्या काही मिनिटांसाठी आत आला. दुसरी दक्षिण कोरियाशी, १-१. त्यात त्याहूनही उशिरा. नंतर टोगो, स्पेन, ब्राझील, पोर्तुगाल आणि इटलीशी फायनल. या पाच मॅचमध्ये एक मिनिट नाही. फायनलला आमच्या झिदाननं इटलीच्या मातेराझीला डोकं मारलं ते सगळ्या जगानं बघितलं. त्या वेळी बाकावर जो एक माणूस होता त्याच्याकडे कोण बघणार?

तर त्या महिनाभर रिकाम्या वेळात तो फिल्म काढत बसला. हॉटेलची खोली. खिडकी. बसच्या काचेतून पळणारा रस्ता. आणि त्यावर त्याचा स्वतःचा आवाज, की मला का खेळवत नाहीत, मी इथे कशाला आहे. पूले बाहेरून, तोही कॅमेरा घेऊन, गावोगाव टीमच्या मागे. दोघांचं जुळवून सिनेमा झाला. नावच 'सब्स्टिट्यूट'. वर्ल्डकपवरचा सिनेमा आणि त्यात फुटबॉल जवळपास दिसतच नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये इथं एका छोट्या थिएटरात लागला तेव्हा मी पहिल्या आठवड्यात गेले. थिएटरात मोजून ११ डोकी. खरं सांगू? मला अर्ध्यात राग आला त्याचा. म्हटलं, मेल्या, वर्ल्डकपच्या टीममध्ये बसायला मिळालंय, जेवण फुकट, गादी मऊ, आणि तू पडद्याकडे कॅमेरा लावून रडतोयस? आमच्या गावची पोरं नुसती तिकिटं मिळाली असती तरी चालत गेली असती जर्मनीला. पण घरी येताना ट्राममध्ये ती खिडकीच आठवत राहिली. फिल्म दाणेदार, रंग जरासे पिवळट, बाहेर कुणीच नाही. त्या वर्ल्डकपचे हजारो फोटो मी बघितले असतील, गोलचे, कपाचे, झिदान कपाशेजारून मान खाली घालून चाललाय तो. पण त्या फायनलला पोचलेल्या टीममधल्या माणसाला दुपारी तीन वाजता काय दिसत होतं, हे दाखवणारं मला एवढंच माहीत आहे. ते प्रेसवाल्याला काढताच आलं नसतं, त्याला आत कोण घेणार? आणि झिदानला काढता आलं नसतं, कारण झिदानला दुपारी तीन वाजता झोप लागत असणार. रिकामा वेळ राखीव माणसालाच.

पुढं काय झालं विचारतोस, तर गोड नाही झालं. वर्ल्डकपहून आल्यावर पॅरिसच्या कोचशी वाजलं, पेपरात उघड बोलला, आणि ऑक्टोबर २००६ मध्ये क्लबनं त्याला कामावरूनच काढलं. मग इटलीत लिव्होर्नोशी करार, तिथे एकही मॅच न खेळता तो पण संपला. नंतर पोकर खेळला, राजकारणात गेला, २०२० मध्ये पॅरिसच्या महापौरपदाच्या निवडणुकीलाही उभा होता. कॅमेऱ्यानं त्याचं करिअर बुडवलं असं मी म्हणणार नाही, भांडण कोचशी होतं. पण कॅमेऱ्यानं त्याला वाचवलं असंही नाही.

आता तुझ्यासाठी एकच. तो कॅमेरा हॉटेलात वापरायचा, बाकावर नाही. बाकावर तो लेस बांधून बसायचा.

डावा_बॅक

ताई, लिहिलंय छान, पण मी सहमत नाही. मी मुंबईत दहा वर्षं ऑफिस लीग खेळलोय, कूपरेजवर बऱ्याच मॅच झाल्या. टीम म्हणजे घर. घरातलं घरात. बाकीचे २२ जण कप जिंकायला गेलेत आणि एक जण गुपचूप स्वतःच्या दुःखाचं शूटिंग करतोय, हे मला कुणी माझ्या टीममध्ये केलं असतं तर मी त्याचा कॅमेरा हौदात टाकला असता. बाकावर आम्ही पण बसलोय. बाकावर बसायचं म्हणजे ओरडायचं, पाणी द्यायचं, वॉर्मअप करायचा आणि समोरच्या टीमचा उजवा विंगर दमला की नाही ते बघायचं. ते काम आहे.

चौदा, तुझे कोच बरोबर आहेत. राग मानू नको.

सांगली_ते_लिऑन

डावा बॅक, फ्रान्समध्येही तुमच्यासारखं बोलणारे होतेच. आणि त्यात तथ्य नाही असं नाही. तुमचं ते विंगर दमलाय का बघायचं वाक्य मला आवडलं. पण 'गुपचूप' आणि 'स्वतःच्या दुःखाचं' यातलं दुसरं खरं आहे. इतरांचे पाय-डोकी विकून तो प्रसिद्ध झाला नाही. त्यानं स्वतःलाच काढलं. आणि हौदाचं म्हणाल तर सुपर-८ पाण्यात टाकला की खरंच गेला, डिजिटलसारखं कार्ड काढून वाळवता येत नाही.

पंचगंगा_एक्स्प्रेस

एक मिनिट. मॉरिशस, आणि धोरासू? हे आपलं धोरसे तर नव्हे? मॉरिशसला कोकणातले मराठी गेलेत ना ऊस तोडायला. म्हणजे वर्ल्डकप खेळलेला पहिला मराठी माणूस?!

सांगली_ते_लिऑन

ढोलताशा थांबवा. मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे हे खरं, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. पण धोरासूंचं घराणं तेलुगू. तिथं उगादीलाही सुट्टी असते, ती त्यांची. आपल्याला एवढ्यावर समाधान मानावं लागेल की दोघांचे पूर्वज त्याच उसात राबले.

हायपो

उशिरा वाचलं. मी ३१ वर्षं पेपरात फोटोग्राफर होतो, त्यातली बहुतेक शाहू स्टेडियमच्या गोलपोस्टमागं मांडी घालून काढली. हायपो म्हणजे काय हे आजच्या पोरांना माहीत नसणार. फिल्म धुतल्यावर चित्र पक्कं करायचं द्रावण. हाताला त्याचा वास लागला की जेवताना पण यायचा. बायको म्हणायची, पेपरचा पगार येतो तो पण याच वासाचा.

आमच्या वेळची गंमत सांगतो. ४०० एएसएची (एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती तल्लख ते) काळी-पांढरी फिल्म, ती १६०० समजून वापरायची, कारण चारची मॅच असली की पाचनंतर उजेड ढेपाळायचा. एका रोलात ३६. दोन रोल मिळायचे, तिसरा मागितला की स्टोअरवाला जीव घेतल्यासारखं बघायचा. आणि पान लवकर सुटायचं, म्हणून हाफटाइमला किंवा फार तर साठाव्या मिनिटाला स्कूटरला किक मारून डार्करूम गाठायची. त्यामुळं कोल्हापूरच्या त्या काळच्या पेपरातले गोल बघा, बहुतेक पूर्वार्धातले. उत्तरार्धात ज्यानं गोल मारला त्याचं नाव बातमीत, फोटो मात्र दुसऱ्याचा. एका स्ट्रायकरनं मला रस्त्यात अडवून विचारलं होतं, "काका, मी तुमचं काय बिघडवलंय?" त्याचे सगळे गोल सत्तराव्या मिनिटानंतरचे. मी काय करू?

आता या ताईंनी लिहिलेलं वाचलं आणि रात्री निगेटिव्हच्या फायली काढून बसलो. पातळ कागदाच्या पाकिटात सहा-सहाच्या पट्ट्या आहेत. गोल आहेत. कीपर हवेत आहेत. टायब्रेकर आहेत, मारामाऱ्या आहेत, पावसात घोट्यापर्यंत चिखल आहे, गुलाल आहे. झाडावर चढलेलं पब्लिक आहे. राखीव खेळाडूंचा एक फोटो नाही. ३१ वर्षांत एक नाही. माझी पाठच होती त्यांच्याकडं. कधी सुचलंच नाही वळून बघायला.

त्यामुळं चौदा, मी तुला कॅमेरा सोड म्हणणार नाही. पण तू करतोयस ते चुकीचं करतोयस, ते असं.

बाकावर ३०० ची लेन्स कशाला? तिथनं तू मैदानातल्याच पोरांचे फोटो काढतोस, जे गोलमागं बसलेला कुणीही तुझ्यापेक्षा चांगले काढतो. तुझा कोन वाईट, मधी सतत लाइनमनचे पाय. तुझ्या डी५३०० बरोबर १८-५५ ची साधी लेन्स मिळते, दोन-तीन हजारात जुनी मिळेल. ती लाव. त्याचा मागचा पडदा बाहेर वळतो, म्हणजे कॅमेरा मांडीवर किंवा जमिनीवर ठेवून खाली बघत फ्रेम लावता येते, डोळ्याला लावायची गरज नाही. डोळ्याला कॅमेरा लावला की माणसं तोंडं बदलतात.

आणि मॅच चालू असताना नाही. मॅचच्या आधी एक तास आणि संपल्यावर अर्धा तास. टेप गुंडाळताना, कोच फळ्यावर गोल काढताना, हरलेल्या टीमची किटबॅग भरताना. त्यात शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाचं नको, १२५ व्या भागाचं पुरतं. कोचना आधी विचार. सरळ सांग, सामना सुरू झाला की कॅमेरा बॅगेत आणि बॅगेची चेन बंद. असोसिएशनच्या माणसाला पण विचारून ठेव, नाहीतर एखाद दिवशी पंच बाहेर काढतील.

आणि शिनगार्ड घालून बस रे बाबा. फोटोग्राफर असलास तरी घालून बस.

डावा_बॅक

काकांचं मान्य. मॅचच्या आधी आणि नंतर, माझी हरकत नाही. हौद रद्द.

राखीव_१४

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय कारण मधी दोन मॅच झाल्या.

हायपोकाका, १८-५५ घेतली, अडीच हजार. कोचना विचारलं. ते आधी माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "माझं टक्कल येऊ देऊ नको." ही परवानगीच धरली. पहिल्या मॅचला आधीचे ४० फोटो काढले. एक जरा बरा आलाय. आमचा कीपर मॅचच्या आधी कुणाशी बोलत नाही, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून हातमोजे ओले करत बसतो. त्याचा मागनं. तो चार वर्षं माझ्या टीममध्ये आहे आणि तो असं करतो हे मला माहीतच नव्हतं, कारण मी त्या वेळी मैदान बघत असायचो.

शिट्टी झाली की चेन बंद. ताई, खरं सांगतो, पहिली वीस मिनिटं हात शिवशिवत होते. मग डावा बॅक दादांचं आठवलं आणि समोरच्या उजव्या विंगरकडं बघत बसलो. दमला होता. दर चालीनंतर कंबरेवर हात.

त्या मॅचला काही झालं नाही. काल दुसरी होती. ७९ व्या मिनिटाला बोलावलं. शिनगार्ड घातलेले, लेस बांधलेली, मी पाच सेकंदांत रेषेवर. ११ मिनिटं आणि वरची चार. काही फार दिवे लावले नाहीत, एक क्रॉस बरा गेला, एक थेट पब्लिकात. ड्रॉ झाली.

पण गंमत पुढं. घरी येऊन कार्ड बघतो तर मी काढलेल्या फोटोंच्या नंतर अजून १४६ फोटो. १७ नंबरनं मी उठून रेषेकडं गेल्यावर बॅग उघडली होती. चेन बंद ठेवायचा नियम मी केलेला, त्याला कुणी सांगितला नव्हता. त्यानं आयुष्यात कॅमेरा धरलेला नाही. १४५ फोटो हललेले, त्यातल्या वीसेकात नुसतं त्याचं बोट. एकच नीट आलाय. मी रेषेवर उभा आहे, पाठमोरा, शर्टवर १४. चौथ्या पंचानं बोर्ड वर धरलाय आणि बाहेर येणारा पोरगा अजून लांब आहे, चालत येतोय. माझा डावा हात मागं आहे आणि मूठ आवळलेली आहे. मी मूठ आवळतो हे मला माहीत नव्हतं.

खाली टाकतोय. जमीन तिरकी झालीय आणि डाव्या कोपऱ्यात पाण्याचा कॅन अर्धा आलाय, तोच कॅन. हायपोकाका, सरळ करून कापू का?

हायपो

सरळ कर. कापू नको. कॅन राहू दे.